माझ्या नावावरची पार्सलं

आमच्या सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत दिवसा घंटा वाजली की दार उघडणारी मी एकटीच होते. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं माझं काम. आठवड्यातले चार दिवस ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करायचे. नवरा सकाळी सहाला गाडीच्या कारखान्यात जायला निघायचा. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये अर्धं गाव त्याच वेळी त्याच दिशेने जातं. त्यामुळे कुरिअरवाल्यांना माझी सवय झाली होती. कुणाचंही पार्सल असो, ते आमचीच घंटा वाजवायचे, मी त्यांच्या यंत्रावर बोटाने सही करायची आणि पार्सल दाराजवळच्या बुटांच्या कपाटावर ठेवायची.

सगळ्यात जास्त पार्सलं तळमजल्यावरच्या जोडप्याची असायची. नवरा-बायको दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. आजोबा निवृत्त टूलमेकर, म्हणजे यंत्रांसाठी साचे आणि अवजारं घडवणारे, माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यात आयुष्य काढलेले. उन्हाळ्यात दोघं दिवसभर गावाबाहेरच्या आपल्या भाड्याच्या बागेत असायची आणि हिवाळ्यात आजोबा केलरमध्ये, म्हणजे तळघरात. तिथे त्यांनी आपल्या वाट्याच्या खोलीत छोटं वर्कशॉप थाटलं होतं. खाली घंटा ऐकू येत नाही, असं ते म्हणायचे. संध्याकाळी पार्सल न्यायला येताना हातात काहीतरी असायचंच, कधी बागेतले टोमॅटो, कधी बायकोने केलेला प्लमचा केक. दिवाळीला आम्ही त्यांना जेवायला बोलवायचो. पुरणपोळीवर ते आणखी साखर घालून घ्यायचे.

पार्सलं छोटी पण जड असायची. परदेशातून यायची. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ‘मशीनचे जुने भाग’. एकदा मी विचारलं तर म्हणाले, “जुनी यंत्रं दुरुस्त करतो. म्हाताऱ्याचा छंद.” मला पटलं. न पटण्यासारखं काही नव्हतंच.

मग एका वसंतात त्यांनी विचारलं, “तुमच्या नावाने मागवलं तर चालेल का? आमचं नाव दिसलं की कुरिअरवाला घंटासुद्धा वाजवत नाही, सरळ डेपोत परत नेतो.” मी म्हटलं, हो, त्यात काय. एवढंच बोलणं झालं. जिन्यात, माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती.

त्याच वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी आले. आई भावाच्या बाळाला सांभाळायला थांबली, म्हणून एकटेच. बाबांनी छत्तीस वर्षं सरकारी रायफल कारखान्यात नोकरी केली, सगळी इन्स्पेक्शनमध्ये. तयार झालेला भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसतो की नाही ते बघायचं, बसला तर शिक्का, नाहीतर लाल रंग. घरी त्यांनी कामाबद्दल फारसं कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. इथे आल्यावर पहिला आठवडा ते खिडकीत बसून सायकली मोजत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांची आणि आजोबांची गाठ पडली.

ती कशी पडली ते मी वरून पाहिलं. अंगणात आजोबा गवत कापायच्या यंत्राचं पातं काढत होते आणि बोल्ट अडकला होता. बाबा शेजारी जाऊन उभे राहिले, थोडा वेळ बघितलं, मग वाकून हत्यारांच्या पेटीतून दुसरा पाना काढून त्यांच्या हातात दिला. आजोबांनी पान्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाले, “गेनाऊ.” म्हणजे, अगदी बरोबर. बाबांनी पुढचे कितीतरी दिवस तो शब्द वापरला. चहा चांगला झाला की गेनाऊ, बस वेळेवर आली की गेनाऊ.

दुपारी जेवण झालं की बाबा केलरमध्ये जायला लागले. भाषा एकही समान नव्हती. मी विचारायची, “काय बोलता हो तुम्ही दोघं?” तर म्हणायचे, “बोलायचं काय त्यात? त्यांचा लेथ बघितलास का? जुना आहे, पण काय ठेवलाय.” खूप दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुललेला दिसत होता. मीही निर्धास्तपणे माझं काम करायची.

एका गुरुवारी ते लवकर वर आले. हात धुतले, पुन्हा धुतले. मी चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. मला म्हणाले, “तुझं काम थांबवता येईल का जरा?”

मी लॅपटॉप मिटला.

“खाली जे आहे ना, ती रायफल आहे,” बाबा म्हणाले. “शिकारीची नाही, सैन्याची. सुटे भाग करून ठेवलेत. बोल्ट आहे, म्हणजे गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग, ट्रिगरचा भाग आहे, मागचा दस्ता आहे. बॉडी गॅसने कापलेली होती, तीन तुकडे. तिकडे काही देशांत अशी कापून भंगार म्हणून विकतात.”

“भंगार असेल तर मग?”

“तुकडे जोडलेत. वेल्डिंग करून, घासून, रंग देऊन. मी आज हात फिरवून बघितला.” त्यांनी अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांवरून फिरवला. “नळी नाहीये फक्त. बॅरल.”

त्या दिवशी सकाळीच एक पार्सल आलं होतं. लांबट. ते बुटांच्या कपाटावर होतं आणि त्यावर माझं नाव होतं, नवऱ्याच्या आडनावासकट, अचूक स्पेलिंगने. बाबा उठले, ते दोन्ही हातांनी उचललं, मधोमध तोललं आणि परत होतं तसंच ठेवलं.

“उघडू नकोस,” म्हणाले.

मग खुर्चीत बसून त्यांनी मला कारखान्यातली एक गोष्ट सांगितली, जी लहानपणापासून कधी सांगितली नव्हती. एका दुपारी एक बोल्ट मोजदादीत कमी आला. शिफ्ट सुटली नाही. दीडशे माणसं, साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत, एकेकाचे डबे उघडले, चपला काढायला लावल्या. तो बोल्ट शेवटी एका ट्रॉलीच्या खाली सापडला. “तेव्हा मी चिडलो होतो,” बाबा म्हणाले. “एका लोखंडाच्या तुकड्यासाठी माणसाला असं उभं करतात म्हणून. आमचे साहेब म्हणाले, अर्धी रायफल असं काही नसतं. बाहेर गेलेला प्रत्येक भाग बाकीच्या भागांना शोधत जातो.”

नवरा साडेतीनला आला. त्याने बूट काढायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं. तो पार्सलपासून लांब, दाराला टेकून उभा राहिला. मग तासभर आम्ही दोघं फोनवर कायदा वाचत होतो. आम्ही दोघंही इंजिनिअर, पण ती भाषा वेगळीच होती. एवढं कळलं की काही देशांत फक्त बॉडीला शस्त्र मानतात आणि बाकीचे भाग पिशवीत घालून कुणालाही विकता येतात. इथे तसं नाही. इथे नळी म्हणजे शस्त्र, बोल्ट म्हणजे शस्त्र, एकेकटे असले तरी. परवान्याशिवाय बाहेरून मागवणं गुन्हा, जवळ ठेवणं गुन्हा. आणि मूळ रायफल आपोआप गोळ्या झाडणारी असेल तर ती युद्धाच्या हत्यारांत जाते, तिचा कायदा आणखी कडक.

“आपला आइनब्युर्गरुंगचा अर्ज आत आहे,” नवरा म्हणाला. नागरिकत्वाचा तो अर्ज देऊन आम्हाला वर्ष होत आलं होतं. “पोलिसात नुसती चौकशी सुरू असली तरी फाइल बाजूला ठेवतात. पार्सल त्यांना दे. सांग की यापुढे आमच्या नावाने काही मागवू नका. विषय संपला.”

“आधीच्या पार्सलांवर माझी सही आहे.”

“म्हणूनच म्हणतोय.”

बाबांकडे बघितलं तर ते म्हणाले, “मला नका विचारू. मी तीन महिन्यांचा पाहुणा.” मग स्वतःच म्हणाले, “पण ती नळी माझ्या हाताने खाली जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा केलरमध्ये गेलो. आजोबा बल्बखाली काहीतरी घासत होते. बाबांना बघून हसले, मला बघून थांबले. मी एका दमात सांगितलं की बाबांनी मला सगळं सांगितलंय आणि पार्सलमध्ये काय आहे तेही आम्हाला ठाऊक आहे.

ते चिडले नाहीत. स्टुलावर बसले आणि चष्मा पुसला. “मी एकोणीस वर्षांचा असताना सैन्यात सक्तीची नोकरी केली,” म्हणाले. “हीच रायफल होती माझ्याकडे. अशीच. मला ती भिंतीवर लावायची आहे. गोळी माझ्याकडे एकही नाही, हवं तर शोधा. हे सुटे भाग आहेत हो. लोखंड.”

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, “त्यांना विचार, भिंतीवर लावायची तर आत नळी कशाला हवी? बाहेरून दिसत नाही ती. लाकडाचा दांडा घातला तरी चालेल.”

मी विचारलं. आजोबा बाबांच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कारण ती पूर्ण नसेल तर खोटी असेल. तुमच्या वडिलांना हे समजतं.”

मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा बाबांनी मान वळवली.

मी म्हटलं, “तुम्ही स्वतः शस्त्रपरवान्याच्या कार्यालयात फोन करा. सांगा की जुने भाग आहेत, घेऊन जा. मी तुमच्याबरोबर येते, हवं तर माझा नवराही येईल.” ते म्हणाले, सोमवारपर्यंत वेळ द्या, बायकोला सांगायला हवं. मी वेळ दिला. पार्सल मात्र मागितलं तेव्हा दिलं नाही. पहिल्यांदाच मी त्या माणसाला कशाला तरी नाही म्हटलं होतं.

शनिवार-रविवार आम्ही तिघं घरातच होतो. ते पार्सल हलवायचीही भीती वाटत होती, म्हणून बूट कपाटात ठेवणं बंद केलं, ते जमिनीवर साचले. नवऱ्याने एकदा म्हटलं, “अजूनही वेळ आहे.” बाबा गीतेचं पुस्तक उघडून बसले होते, पान उलटत नव्हते.

सोमवारी नऊ वाजता घंटा वाजली. आजोबा होते, मागे त्यांची बायको. ते म्हणाले, सगळं मिटलं. ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परत करतोय, आज गाडी येणार आहे. हे पार्सलही त्याच्याबरोबर जाईल, म्हणजे तुम्हालाही त्रास नको. त्यांनी हात पुढे केला.

खरं सांगायचं तर मी वळून पार्सल उचललं होतं. इतकं सोपं होतं ते. घरातून ती वस्तू जाणार, फाइल पुढे सरकणार, दिवाळीला पुन्हा चौघं जेवायला बसणार. बाबा पाठीमागे येऊन उभे राहिले. “देऊ नकोस,” ते मराठीत म्हणाले. “सकाळी मी खाली जाऊन आलो. दाराला नवीन कुलूप लावलंय. परत करायचं असतं तर कुलूप कशाला?”

आजोबांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. त्यांनी बाबांकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. राग नव्हता. आपल्या माणसाने पुढे केलेला पाना ऐन वेळी मागे घ्यावा, तसं काहीतरी. बायकोने त्यांच्या कोपराला धरलं आणि दोघं खाली गेले. मी दार लावलं आणि पोलिसांना फोन केला.

आधी दोघं आले, मग तासाभरात आणखी सहा. आम्हाला सांगितलं, कशाला हात लावू नका. एकाने हातमोजे घालून आमच्या कपाटावरचं पार्सल उचललं. खालून प्लास्टिकच्या पेट्या निघत होत्या. समोरच्या घरातल्या बाईने पडदा सरकवला होता. एका तरुण पोलीसबाईने माझ्यासमोर बसून शांतपणे समजावलं की फोन मी केला असला तरी पार्सलांवर नाव माझं आहे, म्हणून मी या प्रकरणात फक्त साक्षीदार नाही, आरोप असू शकणारी व्यक्ती आहे. मी गप्प राहू शकते, वकील घेऊ शकते. मी म्हटलं, मला कळतंय. ‘कळतंय’ एवढा एकच शब्द मी तीनदा म्हटला.

बाबांचा जबाब मला भाषांतर करता येणार नव्हता, कारण मीच प्रकरणात होते. मराठीचं कुणी मिळालं नाही, हिंदीच्या दुभाषी बाई मिळाल्या. बाबांनी कारखान्यात आयुष्यभर हिंदीच बोललेली, त्यांना अडचण नव्हती. दोन तास ते बंद दाराआड होते. मग त्यांच्या बोटांचे ठसे घेतले, कारण त्यांनी खाली त्या वस्तू हाताळल्या होत्या. मी काचेतून बघत होते. एकेक बोट तो पोलीस हळुवारपणे धरून काचेवर ठेवत होता. बाबा ताठ उभे होते. ठसे देऊन आले आणि मला म्हणाले, “छत्तीस वर्षांत माझी एकदाही चौकशी झाली नव्हती.” बाकी काही नाही. दोन महिन्यांनी ते ठरलेल्या विमानाने परत गेले.

माझी चौकशी आठ महिने चालली. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याने मला एकदाही ‘तरी मी म्हणालो होतो’ असं ऐकवलं नाही. मात्र नागरिकत्वाच्या कार्यालयातून ‘प्रकरण निकाली निघेपर्यंत अर्ज स्थगित’ असं पत्र आलं, तेव्हा ते दोनदा वाचून त्याने घडी घातली आणि एकटाच फिरायला गेला. मीही त्याच्या मागे गेले नाही.

तळमजल्यावरचे दोघं जिन्यात भेटले की भिंतीकडे बघून जायचे. आजोबांवर खटला झाला. वय आणि आधीचा कोरा इतिहास बघून शिक्षा स्थगित ठेवली, तुरुंगात जावं लागलं नाही. त्यानंतर त्यांनी घर सोडून मुलीच्या गावी जायचं ठरवलं. सामान जायच्या दिवशी त्यांची बायको वर आली. आत या म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“तुम्हाला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “त्याच्या नावाचं एक पार्सल कस्टमवाल्यांनी धरलं होतं. घरी पत्र आलं होतं. मी हात जोडले, आता बंद कर म्हटलं. तो म्हणाला, मग वरच्यांच्या नावाने मागवतो, त्या साध्या आहेत, विचारणार नाहीत.” तिने जिन्याचा कठडा धरला होता. “मला माहीत होतं. तरी मी दिवाळीला तुमच्याकडे जेवले.”

मी तिला म्हटलं, “पायऱ्या ओल्या आहेत, जपून जा.” ती गेली. मला तिचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग खूप वेळ कुणाचाच आला नाही.

पुढच्या महिन्यात वकीलबाईंनी कळवलं की माझ्याविरुद्धची चौकशी बंद झाली. सोबत फाइलची प्रत होती. त्यात बाबांचा जबाब होता, हिंदीतून जर्मनमध्ये गेलेला. वडिलांचं बोलणं मी पहिल्यांदाच जर्मनमध्ये वाचत होते. त्यात लिहिलं होतं, साक्षीदाराने रायफलचा बोल्ट पहिल्याच भेटीत ओळखला. त्यानंतर अकरा दिवस तो रोज खाली गेला आणि भाग साफ करायला मदत करत होता. बोल्टमधला एक झिजलेला भाग नीट बसत नव्हता, तो साक्षीदाराने घासून बसवून दिला.

मी ते पान टेबलावर पालथं ठेवलं. दोन दिवस नवऱ्यालाही दाखवलं नाही. रविवारी बाबांचा फोन आला तेव्हा विचारलं, “बाबा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

पलीकडे आईच्या आणि बाळाच्या आवाजात त्यांनी दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावल्याचं ऐकू आलं.

“हो,” ते म्हणाले.

“मग अकरा दिवस का नाही सांगितलंत?”

“हातात घेतला आणि ओळखीचा वाटला गं. निवृत्त झाल्यापासून कुणी माझ्या हातात काम दिलं नव्हतं. मनाला सांगितलं, नळी नाही तोवर काही नाही. मग त्यांनी कागदावर नळीचं चित्र काढून दाखवलं आणि बोटाने वरचा मजला दाखवला. तुझं घर. तेव्हा मी वर आलो. मी पोलिसांना खरं सांगितलं. तुला सांगायची हिंमत नव्हती.”

मी त्यांना माफ केलं का, हे मला नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, “जेवलात का?” ते म्हणाले, “बसतोय आता.”

नागरिकत्वाचं पत्र त्यानंतर पाच महिन्यांनी आलं. नगरपालिकेत शपथ घेताना, मी इथला कायदा पाळीन, हे वाक्य मोठ्याने म्हणायचं असतं. नवरा ठळक आवाजात म्हणाला. माझा आवाज मधेच बसला. समोरच्या अधिकारीबाईंना वाटलं मी भावूक झाले, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी पाणी प्यायले आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.